पायाखालचे चार बाण



कोणतीही विद्या नव्याने शिकू लागलेला मनुष्य काही काळ हास्यास्पद दिसतोच. सुताराचा मुलगा पहिल्या दिवशी रंधा धरतो तेव्हा फळी गुळगुळीत होण्याऐवजी ओरबाडली जाते. विहिरीत पोहावयास उतरलेला पोर हातपाय झाडतो फार आणि पुढे सरकतो थोडा. बँडात नव्याने आलेल्या तरुणाच्या कर्ण्यातून पहिले काही दिवस सुराऐवजी हंबरडाच ऐकू येतो. लहानपणी ही फजिती आपण हसतखेळत सोसतो. वय वाढले, चारचौघांत मान मिळू लागला, म्हणजे मात्र ती सोसवत नाही. आणि म्हणूनच कित्येक प्रौढ माणसे नवे काही शिकण्याच्या वाटेस जात नाहीत. आज आम्ही ज्या खेळाविषयी लिहिणार आहो, त्यात ही फजिती अगदी ठळकपणे, डोळ्यांसमोरच्या पडद्यावर, गुणांसकट मांडली जाते. तरीही तो खेळ घरातील लहानथोर सर्वांनी एकदा तरी खेळून पाहावा असे आम्हांस वाटते. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच.

हा खेळ म्हणजे पायांनी खेळावयाचा व्हिडिओ गेम. शहरातील मोठ्या बाजारसंकुलांत जे गेम झोन असतात, तेथे दोन चौथरे, त्यांच्या मागे लोखंडी कठडे आणि समोर झगमगता पडदा असे एखादे यंत्र पुष्कळांनी पाहिले असेल. चौथऱ्यावर एखादी मुलगी उभी असते, गाणे वाजत असते आणि तिचे पाय पडद्यावरील बाणांच्या हुकमाने पुढे, मागे, डावीउजवीकडे पडत असतात. या जातीच्या खेळांत सर्वांत गाजलेला खेळ ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा होय. जपानच्या कोनामी कंपनीने तो 1998 साली तेथील खेळघरांत आणला. त्याआधी एक वर्ष याच कंपनीने ‘बीटमॅनिया’ नावाचा, हातांनी कळा दाबून संगीताची साथ करावयाचा खेळ काढला होता. हाताचे काम पायांकडे सोपविण्याची कल्पना त्यानंतरची. पुढच्याच वर्षी, 1999 साली, प्लेस्टेशन या घरगुती यंत्रासाठी त्याची आवृत्ती निघाली आणि घरात जमिनीवर पसरावयाची घडीची प्लास्टिकची चटईही मिळू लागली. त्याच साली कोरियातून ‘पंप इट अप’ हा दुसरा खेळ आला. त्यात चार कोपरे व एक मध्य अशी पाच घरे असतात. मूळचा जपानी खेळ अद्याप चालू आहे. 2024 साली त्याची ‘वर्ल्ड’ ही आवृत्ती जपानमध्ये निघाली.

आता यंत्राची रचना समजून घेऊ. आपल्या अंगणात मुली खडूने चौकोन आखून ठिकरी खेळतात, ते चित्र डोळ्यांसमोर आणावे. चौथऱ्यावर तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ घरे असतात. त्यांतील पुढचे, मागचे, डावे व उजवे अशी चारच घरे जिवंत असतात व त्यांवर त्या त्या दिशेचा बाण काढलेला असतो. मधले घर आणि चार कोपरे ही केवळ उभे राहण्याची जागा. पडद्याच्या वरच्या भागात चार बाणांच्या फिकट आकृत्या स्थिर असतात. गाणे सुरू झाले की खालून रंगीत बाण वर सरकू लागतात. वर चढणारा बाण ज्या क्षणी आपल्या स्थिर आकृतीवर बरोबर बसतो, त्या क्षणी त्या दिशेच्या घरावर पाऊल पडले पाहिजे. खेळाचा मूळ नियम एवढाच. पाऊल किती अचूक वेळी पडले ते यंत्र तात्काळ सांगते: ‘परफेक्ट’, ‘ग्रेट’, ‘गुड’, आणि हुकले तर ‘मिस’. पडद्यावर एक पट्टीही असते. पाऊल जमले की ती भरते, हुकले की ओसरते, आणि अगदी रिकामी झाली म्हणजे खेळ संपला असे समजावे.

नवशिक्याची पहिली चूक येथेच होते, आणि ती जवळपास प्रत्येकाची होते. तो मधल्या घरात उभा राहतो. डावा बाण आला की डावे पाऊल डावीकडे टाकतो आणि लगेच ते मध्यभागी परत आणतो; उजवा बाण आला की उजवे पाऊल टाकतो आणि तेही परत आणतो. मध्य म्हणजे आपले घर, बाहेर गेले की घरी परतले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. गाणे संथ असेतो हे निभते. गाण्याने थोडा वेग घेतला की एका बाणासाठी दोन हालचाली कराव्या लागतात, दम लागतो, पाय अडखळतात, आणि बिचारा म्हणतो, ‘हे आपल्याच्याने होणे नाही.’ वस्तुतः परत येण्याची काहीच गरज नसते. पाऊल घरावर तसेच ठेवून राहिल्यास यंत्र एक गुणही कापत नाही. म्हणून पहिला धडा असा: पाऊल जेथे पडले तेथेच राहू द्यावे आणि पुढचे पाऊल तेथूनच टाकावे.

दुसरा धडा त्याला जोडूनच येतो. दोन्ही पायांनी आळीपाळीने काम करावे. आपण रस्त्याने चालतो तेव्हा डावा, उजवा, डावा, उजवा असेच चालतो. एकाच पायाने तीन पावले टाकून दुसऱ्यास विश्रांती देत नाही. येथेही तेच तत्त्व आहे. समजा, पडद्यावर डावा, मागचा, पुढचा, उजवा असे चार बाण ओळीने आले. डावे पाऊल डाव्या घरावर, उजवे मागच्या घरावर, मग डावे पुढच्या घरावर आणि उजवे उजव्या घरावर, अशी चार पावले टाकली की अंगाला सहज झोका मिळतो व खेळणारा जागच्या जागी चालू लागतो. पुढच्या व मागच्या घरांवर कोणत्याही एका पायाची मालकी नाही. ज्याची पाळी असेल त्याने जावे. एकच बाण लागोपाठ दोनदा आला, तर मात्र त्याच पायाने दोनदा ठोका द्यावा. काही गाण्यांत अशी वेळ येते की आळीपाळी राखावयाची तर डावे पाऊल उजव्या घरावर न्यावे लागते आणि कंबर वळवावी लागते. ती पुढची विद्या आहे. पहिल्या महिन्यात तिच्या नादी लागू नये.

तिसरा धडा कानांचा आहे. नवा मनुष्य डोळे फाडून बाणांकडे पाहत राहतो व गाणे ऐकावयाचे विसरतो. परंतु बाण हे गाण्याच्या ठोक्यांवरच बसविलेले असतात. ज्याला ठोका ऐकू येतो त्याला बाण केव्हा येणार हे आधीच कळते. डोळ्यांनी फक्त दिशा पाहावयाची. गोव्याच्या पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सोल्फेजचे धडे मिळत आले. त्यात स्वर तोंडाने म्हणावयाचा आणि ताल हाताने मोजावयाचा. आपल्या शाळांतील लेझीमही तोच संस्कार देते. ढोल काय म्हणतो ते कळले की पाय आपोआप उठतो; शेजाऱ्याकडे पाहून पाय उचलणारा मुलगा नेहमी अर्धा क्षण मागे राहतो. म्हणून या खेळात उतरण्यापूर्वी निवडलेले गाणे एकदा नुसते ऐकावे आणि टाळ्या वाजवून ठोका धरावा. खेळाच्या अगदी पहिल्या आवृत्तीतले ‘बटरफ्लाय’ हे गाणे घ्या. त्याची लय मिनिटाला 135 ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला दोनांहून किंचित अधिक. ऐकताना ही लय भारी वाटते. परंतु सोप्या पातळीवर प्रत्येक ठोक्याला बाण येत नाही, मध्ये एकदोन ठोके रिकामे जातात, आणि त्या रिकाम्या जागेत शरीराला तोल सावरता येतो.

पातळ्यांविषयी दोन शब्द. प्रत्येक गाण्यासाठी बाणांच्या निरनिराळ्या मांडण्या केलेल्या असतात: ‘बिगिनर’, ‘बेसिक’, ‘डिफिकल्ट’, ‘एक्स्पर्ट’ आणि ‘चॅलेंज’. शिवाय कठीणपणाचा आकडाही दिलेला असतो. पूर्वी हा आकडा साधारण 10 पर्यंत असे. 2008 सालापासून तो 20 पर्यंत नेण्यात आला. नवशिक्याने ‘बिगिनर’ घ्यावे आणि 1 ते 3 या आकड्यांतच फिरावे. शेजारच्या चौथऱ्यावरचा दहा वर्षांचा मुलगा 12 आकड्याचे गाणे धडाधड खेळत असला तरी आपण 2 आकड्याचे निवडण्यात कमीपणा नाही. त्या मुलाचे पहिले गाणेही असेच सोपे होते. एकच सोपे गाणे चारपाच वेळा खेळावे. पहिल्या खेपेस बाण दिसतात, दुसऱ्या खेपेस ठोका ऐकू येतो, तिसऱ्या खेपेस पाय मोकळे होतात, आणि चौथ्या खेपेस प्रथमच जाणवते की आपण खरोखर गाण्यावर चालत आहो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी प्रथम ऐकताना उलटी वाटते. 2001 सालापासूनच्या आवृत्त्यांत बाणांचा वेग दीडपट, दुप्पट, तिप्पट करण्याची सोय आहे. नवा खेळाडू म्हणतो, ‘छे, आहे तोच वेग झेपत नाही, दुप्पट कोठून झेपणार?’ परंतु वेग वाढविल्याने गाणे जलद होत नाही व पावलेही वाढत नाहीत. केवळ बाणांतील अंतर वाढते. संथ वेगात बाण एकमेकांना चिकटून, मुंग्यांच्या रांगेसारखे येतात आणि कोणता आधी व कोणता नंतर हे कळेनासे होते. दीडपट वेगात तेच बाण सुटे, मोकळे, एकामागून एक वाचता येतील असे येतात. दाट अक्षरांचे पान वाचताना डोळे शिणतात आणि मोकळ्या ओळींचे सुखाने वाचता येते, तसाच हा प्रकार. अनेक आवृत्त्यांत बाणांच्या रंगालाही अर्थ असतो: नेमक्या ठोक्यावरचा बाण तांबडा, दोन ठोक्यांच्या मधला निळा. तांबड्यांवर पाय बसला की मग निळ्यांकडे लक्ष द्यावे.

कधी दोन बाण एकदम येतात. तेव्हा दोन्ही पाय एकाच क्षणी दोन घरांवर ठेवावयाचे असतात. लोक येथे उंच उडी मारतात व धाडकन आपटतात. तशी गरज नाही. गुडघे किंचित वाकवून, चवड्यांवर, जमिनीपासून चार बोटे उचलले तरी पुरे. कधी बाणामागे लांब शेपूट असते; त्याचा अर्थ, ते शेपूट संपेपर्यंत पाऊल उचलावयाचे नाही. एक पाय असा अडकलेला असताना दुसऱ्याने काम चालवावे लागते आणि तोल सांभाळण्याची खरी परीक्षा तेथे होते. मागच्या कठड्याला हात लावण्यात लाज नाही. तो त्यासाठीच आहे. मात्र सगळा भार त्यावर टाकण्याची सवय आरंभापासून लावून घेऊ नये, नाही तर पाय तोल सांभाळावयास शिकत नाहीत.

ज्यांच्या गावापासून असे यंत्र दूर आहे त्यांनी निराश होऊ नये. संगणकास जोडता येणाऱ्या चटया मिळतात, आणि ‘स्टेपमॅनिया’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम 2001 सालापासून उपलब्ध आहे. त्यात हाच खेळ घरी खेळता येतो. घरी खेळताना मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, चटई गुळगुळीत लादीवर सरकते. तिच्या कडा चिकटपट्टीने घट्ट बसवाव्यात, आणि खाली गोधडी किंवा सतरंजी घालू नये, कारण मऊ बैठकीवर चटईला पावलाचा दाब नीट समजत नाही. दुसरी, मोजे घालून खेळू नये, पाय घसरतो. अनवाणी पाय बरे. तिसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आजकालच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटावयास किंचित विलंब लागतो. तो सेकंदाचा अगदी लहान अंश असतो, सिनेमा पाहताना जाणवतही नाही. पण या खेळात तेवढ्यानेच अचूक पाऊल उशिराचे ठरते. ज्याचा प्रत्येक ठोका सारख्याच अंतराने चुकतो, त्याने पायांना दोष देण्यापूर्वी टीव्हीत ‘गेम मोड’ आहे का ते पाहावे. ‘स्टेपमॅनिया’तही हा विलंब भरून काढण्याची सोय आहे.

इतके सर्व वाचून एखादे वडीलधारे गृहस्थ विचारतील, ‘हा नाच म्हणावयाचा का?’ प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, पूर्णपणे नव्हे. यंत्राला फक्त पाय कळतात. हात कोठे आहेत, मान कशी आहे, चेहऱ्यावर आनंद आहे की नाही, याचा त्यास पत्ता नसतो. मांडोतील हळुवार झुलणे किंवा फुगडीतील विश्वासाने धरलेले हात त्याला मोजता येणार नाहीत. 2009 साली निघालेल्या ‘जस्ट डान्स’ या दुसऱ्या खेळात हाताची हालचाल मोजतात, पायांची नव्हे. तेव्हा तोही अर्धाच. परंतु ठोका ओळखणे, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, आणि ठरल्या क्षणी ठरल्या जागी पाऊल टाकणे, या तीन गोष्टी मात्र येथे नक्की शिकता येतात. आणि प्रत्येक नाचाच्या तळाशी या तीन गोष्टी असतातच.

आता या खेळाने शाळांत व घरांत काय केले ते पाहू. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचे डोंगराळ राज्य आहे. तेथे मुलांच्या अंगावरील वाढत्या चरबीची चिंता शिक्षकांस व डॉक्टरांस लागून राहिली होती. 2006 सालच्या जानेवारीत तेथे घोषणा झाली की राज्यातील सर्व 765 सरकारी शाळांत हा खेळ व्यायामाच्या तासाला न्यावयाचा. त्यामागील विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. चेंडूच्या खेळात जी मुले नेहमी शेवटी निवडली जातात, ज्यांना धावता येत नाही म्हणून चिडवले जाते, ती व्यायामाच्या तासाला भिंतीशी उभी राहतात. चटईवर त्यांना कोणाच्या गटात शिरावयाचे नसते. चेंडू हुकला म्हणून ओरडणारे सोबती नसतात. आपल्या कालच्या गुणांशी आजच्या गुणांची तुलना करावयाची, एवढेच. आपल्याकडेही असे एखादे मूल बहुतेक प्रत्येक वर्गात असते, आणि पुष्कळदा ते आपल्याच घरात असते.

दुसरी हकीकत वडीलधाऱ्यांची आहे, आणि आमच्या मते ती अधिक महत्त्वाची. म्हातारपणी पडणे ही साधी गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी 6 लक्ष 84 हजार माणसे पडून दगावतात. प्रत्येक गावात असे एखादे घर असते, जेथे आजी न्हाणीघरात किंवा ओट्याच्या पायरीवर पडली, खुब्याचे हाड मोडले आणि मग ती पूर्वीसारखी उठलीच नाही. मनुष्य अडखळतो तेव्हा त्याला वाचविणारी गोष्ट कोणती? केवळ बळ नव्हे. अडखळल्या क्षणी योग्य दिशेला, योग्य वेळी, झटकन पाऊल टाकता आले पाहिजे. वय वाढते तसे नेमके हेच मंदावते: डोळा पाहतो, मेंदू ठरवितो, पण पाऊल उशिरा पडते. आणि चटईवरचा खेळ दुसरे तरी काय शिकवितो?

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील संशोधकांनी हे सूत्र धरले. उड्या आणि धावपळ काढून टाकून, वृद्धांना झेपतील असे पाऊल टाकण्याचे खेळ त्यांनी तयार केले. घरच्या टीव्हीसमोर चटई पसरावयाची आणि तेथेच खेळावयाचे. 65 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या 769 जणांवर वर्षभर हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2024 साली ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काहींना चटईवरचे खेळ दिले, काहींना बसून खेळावयाचे बुद्धीचे खेळ दिले, आणि काहींना यांपैकी काहीच दिले नाही. ज्यांना काही दिले नव्हते त्यांच्या मानाने चटईवर खेळणारांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी कमी भरले. बसून खेळणारांत असा निश्चित फरक आढळला नाही. आठवड्यास 120 मिनिटे, म्हणजे रोज सरासरी सतरा-अठरा मिनिटे खेळावे, असे त्यांस सुचविलेले होते. आपल्या घरात चहा पिऊन होईपर्यंत गप्पांत याहून अधिक वेळ जातो.

अर्थात, दुकानात मिळणारी चटई म्हणजे त्या संशोधकांची चटई नव्हे, आणि औषधाची बाटली तर नव्हेच. ज्यांना चक्कर येते, हृदयविकार आहे, गुडघ्याचे किंवा खुब्याचे दुखणे आहे, त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. फिट येण्याचा विकार असणारांनी लखलखत्या पडद्यापासून दूर राहावे. वृद्धांनी खेळताना बाजूस भक्कम खुर्ची ठेवावी, घरातील कोणी जवळ असावे, आणि दुहेरी बाण आले तर ते खुशाल सोडून द्यावेत. गुण बुडाले तर बुडू द्या, हाडे शाबूत राहिली पाहिजेत. मुलांसाठीही मर्यादा हवी. अर्धा तास पुरे. मध्ये पाणी प्यावे. रात्री उशिरा धपधप करून शेजाऱ्यांची झोप मोडू नये. आणि गेम झोनमध्ये गेल्यास किती खेळ खेळावयाचे व किती पैसे खर्चावयाचे हे घरून निघतानाच ठरवावे. ज्या मुलांना खेळावयास मैदान आणि पोहावयास नदी आहे, त्यांनी चटईसाठी ती सोडू नयेत. आपल्याकडील पावसाळा मात्र चार महिने मुलांना ओसरीत कोंडून ठेवतो. ते दिवस चटईचे.

राहता राहिली लाज. मूळच्या जपानी यंत्रात खेळाडूची पाठ लोकांकडे असते आणि मागे बघे जमतात. ही गोष्ट नवशिक्यास फार बोचते. त्यावर एक उपाय ठाऊक असावा: चौथरे दोन असतात, तेव्हा दोघांनी मिळून चढावे. दोन खेळाडूंना निरनिराळ्या पातळ्या घेता येतात. गाणे एक, पण एकाला थोडे बाण, दुसऱ्याला पुष्कळ. नातू ‘डिफिकल्ट’ खेळेल आणि आजी त्याच्या शेजारी ‘बिगिनर’. गाणे दोघांचे एकाच वेळी सुरू होईल आणि एकाच वेळी संपेल. शिकविण्याची पाळी अशा वेळी लहानाकडे येते, आणि तेही बरेच आहे.

‘आजी, पाय मध्ये परत नको आणू गं. तिथंच राहू दे.’

‘अरे, पण मग मी पडेन ना?’

‘नाही पडणार. मी आहे ना इथं. आता दुसरा पाय टाक... हं, अस्संच!’

असा संवाद ज्या घरात होईल तेथे दोन गोष्टी एकदम साधतील. मुलाला कळेल की शिकविताना आवाज चढवावा लागत नाही. जो स्वतः अडखळून शिकला आहे त्यालाच दुसऱ्याचे अडखळणे समजते. आणि आजीला कळेल की सत्तराव्या वर्षीही पायांना नवी गोष्ट शिकता येते. बाबांनी वर्तमानपत्र बाजूस ठेवून, आईने ओले हात पुसून, पाळीपाळीने चटईवर यावे. घरात सगळेच नवशिके असले म्हणजे कोणी कोणास हसत नाही. आणि हसलेच तर ते हसणे बोचत नाही.

पडद्यावर ‘मिस’ असा शब्द उमटतो तेव्हा गाणे थांबत नाही, हे नवशिक्याने पाहून ठेवावे. हुकलेला बाण वर निघून जातो, त्याच्यामागे दुसरा येतच असतो. गेलेल्या बाणाकडे पाहत राहणारा पुढचेही तीन बाण चुकवितो. जो तो सोडून देऊन पुढच्या ठोक्यावर पाऊल ठेवतो, त्याची पट्टी हळूहळू पुन्हा भरू लागते. चुकलेल्या पावलावर रेंगाळू नये आणि टाकलेले पाऊल मागे घेऊ नये. एवढे पायांना समजले, म्हणजे पहिल्या महिन्याचा अभ्यास पुरा झाला असे समजावे. दुसऱ्या महिन्यात 4 आकड्याचे गाणे घेऊन पाहावे.